परत फिरण्याचा धडा

विमान बर्फावरून धावू लागलं तसे लाइल ट्वीडचे पाय सवयीने पेडलांकडे गेले. त्याने ते मागे घेतले. उजवीकडची ही खुर्ची त्याचीच. एकतीस वर्षं इथेच बसून त्याने शिकवलं होतं. पण आता डोळे अधू झाले होते, परवानाही गेला होता. शहात्तराव्या वर्षी तो अँकरेजला बहिणीकडे कायमचा राहायला निघाला होता. पोचवायला आली होती ओलिंका, त्याची जुनी विद्यार्थिनी.

खाली कुस्कोक्विम नदी गोठून पडली होती. लाइलने कुणाची नोकरी अशी केलीच नाही. जो बोलावील त्याचं काम. टपाल, बर्फगाडी ओढणारी कुत्री, शाळेच्या बाई, मूस हरणाचं मांस, एकदा तर शवपेटीसुद्धा त्याने नेली. अधल्यामधल्या दिवसांत गावातल्या पोरांना शिकवायचं.

ओलिंका तेव्हा सतरा वर्षांची. मार्चमधल्या एका दुपारी गोठलेल्या नदीवर लाइल विमानातून खाली उतरला, त्याने बाहेरून दार लावलं आणि तिला पहिल्यांदा एकटीला वर पाठवलं. दहा मिनिटांत ढग खाली आले. आभाळ आणि बर्फ एकच झालं. अशा उजेडात जमीन हातभर खाली आहे की शंभर हात, काही कळत नाही. लाइल ओरडत गावाकडे धावला. बायामाणसांनी स्प्रूसच्या झाडांच्या फांद्या तोडल्या आणि नदीवर त्यांच्या दोन काळ्या ओळी अंथरल्या. सगळ्यांत पुढे तिचा बाप वासिली होता. तिसऱ्या खेपेला ती त्या ओळींमध्ये उतरली.

लेक सुखरूप आहे हे पाहून वासिली लाइलकडे वळला. आवाज चढवला नाही.

"तू तिला विमान शिकवलंस. आभाळ शिकवलं नाहीस."

शिकवणं बंद करायचं असं लाइलने ठरवून टाकलं. पण आठवड्याने वासिलीच पोरीला घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, अर्धवट सोडू नकोस. पुढे वर्षभर लाइलने तिला बहुतेक एकच गोष्ट शिकवली. परत कधी फिरायचं.

आता समोर डोंगरांमधली खिंड आली होती. ढग उतरले होते. लाइल पुढे वाकला.

"डावीकडे फट आहे बघ. विमान निघेल त्यातून."

ओलिंकाने थोडा वेळ पाहिलं.

"फट आहे, काका. पलीकडचं दिसत नाही." आणि तिने विमान वळवलं.

लाइल मागे टेकून बसला. तिने त्याला विचारलं नव्हतं, आणि त्याला त्याचं फार बरं वाटलं. थोड्या वेळाने खाली पुन्हा गाव दिसलं.

उतरल्यावर वाऱ्याने विमान हलू नये म्हणून ती पंखाचा दोर बांधायला निघाली. लाइलने तो तिच्या हातातून घेतला. थंडीने बोटं आखडली होती, गाठ दोनदा सुटली. ओलिंका नदीकडे तोंड करून उभी राहिली आणि त्याची गाठ बसेपर्यंत तिने वळून पाहिलं नाही.