सीतादह्याचा मान

माझी सून जमुना घरच्या गड्यालाही 'जी' म्हणते. "शेषराव, भाकर खा जी." गाडीवानाला जी, स्वतःच्या चार वर्षांच्या लेकालाही जी. मालकीण कोण अन् चाकर कोण, परक्या माणसाला उमजू नये! माहेर अकोल्याकडचं, हिवरखेडचं. ती परकरी पोर होती तेव्हा तिचा बाप तिला "जमुनाबाई, या जी" अशी हाक मारायचा म्हणे. लहानपणी मान भेटला, तोच ती आता वाटत सुटली आहे. आम्हाला भेटल्या चापट्या.

तेही मी सोसलं असतं. पण ऐन गरजेला या बाईनं आपलं जी कमरेला खोचून ठेवलं!

तिकडं अमेरिकेत लढाई लागून तिथला कापूस विलायतेला जाईना, अन् इकडं अमरावतीच्या बाजारात मुंबईचे व्यापारी आमच्या कापसाच्या मागं. भाव चढला तसा माझा लेक चंद्रभान घोड्यावर बसू लागला. घोडं नवं, मिजास त्याहून नवी. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडं वावरात सीतादही असतं. बाया फुटलेल्या बोंडांपुढं दहीभात ठेवतात, हात जोडतात, मगच वेचायला लागतात. म्हातारी गंगूबाई पूजेला बसली होती. चंद्रभान घोड्यावरूनच ओरडला, "ए बुढे! आवर तुहं दही, गाड्या खोळंबल्या!"

गंगूबाईनं वाटी उचलली. कापसासाठी कमरेला बांधलेली ओटी सोडली. तिच्यामागं साऱ्या बाया उठल्या अन् घरी गेल्या.

आभाळ भरून आलं होतं, अन् वावराचा कारभार माझ्या हाती. फुटलेला कापूस भिजला की मातीमोल. मी जमुनेला म्हटलं, "जाय व, तुह्या गोड तोंडानं बायायले घेऊन ये."

"मी नाई जानार, आत्याबाई."

"काहून? जी जी करून जीभ झिजली का?"

"काम काढाले जी म्हनलं, तर थे जाळं झालं. अन् मी गेली तर लोक म्हनतीन, बायकोले पुढं करून मालक मांगं लपले."

माझ्यादेखत ती नवऱ्याशी बोलत नसे. पण दाराबाहेर उभ्या चंद्रभानला ऐकू जाईल, एवढा आवाज तिनं ठेवला होता.

घोडं खुंट्यालाच राहिलं. चंद्रभान पायी निघाला. मीही मागं गेले. असा तमाशा कोण सोडतो?

गंगूबाईच्या अंगणात तो उभा राहिला. "गंगूबाई, माहं तोंड चुकलं. सीतादही तुमच्याच हातानं व्हाले पाह्यजे. चाला जी."

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोन व्हय बापा? आमचे मालक तर लय उंच होते!"

अंगणात जमलेल्या बाया खिदळल्या. कान लाल झाले तरी चंद्रभानही हसला. मग म्हातारी उठली. "चाला, मालक. पन दही होईलोक खाली बसा लागन."

वावरात तो काळ्या मातीत मांडी घालून बसला. पूजा झाली तशी गंगूबाईनं पहिला घास त्याच्याच हातावर ठेवला. "घ्या मालक," म्हणाली, अन् त्यानं दोन्ही हात पुढं केले. दिवस कलला तेव्हा बायांच्या ओट्या भरून वाहत होत्या.

घरी आले तर जमुना चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ पाट ओढून बसले.

"जमुना, तू सासूचं आयकलं नाई, हे मी मरेलोक काढत राहीन. पन या पोराचा मान मी जलमभर भांडून राखला, अन् तू घरात बसून राखला. उद्यापासून वावराचा कारभार तूच पाह्य. माह्यानं आता होत नाई, असं गावात सांगजो. खरं कारन सांगशीन तर याद राख!"