मुहूर्ताचा नग

साबणाच्या वडीएवढं अंग, कपाळावर कुंकवाचा वाळलेला टिळा आणि पोटात तेव्हा निव्वळ हवा. एवढ्याशा माझ्यावरून सुरतेत दोन माणसं लवादापुढे उभी राहिली. मी मुहूर्ताचा नग बोलतोय.

खरं तर माझ्या जातीचं काम मोठं गोड. यंत्रमागावर धागा तुटला की मागाला बसवलेलं यंत्र बिनतारी इशारा देतं आणि कारागिराच्या खिशातली आमच्यासारखी डबी थरथरते. ओरडत नाही, नुसती थरथरते. मागांच्या खटखटाटात ओरडून कोण कोणाचं ऐकतंय?

ही युक्ती नूतनची. तिचे वडील दगा धुळ्याकडून येऊन सुरतेतल्या नवागामला राहिले. त्यांचं आयुष्य मागांवर गेलं आणि कानही तिथेच गेले. नूतन शिष्यवृत्तीवर दूर बंगालमध्ये इंजिनिअर झाली आणि परतली, तेव्हा मागांवरचा मुकादम सुकदेव मास्टर याने दगांना मागांवरून उतरवून कापडाचे गठ्ठे उचलायला लावलं होतं. घंटा वाजते, म्हातारा ढिम्म हलत नाही, कापड बिघडतं, अशी त्याची तक्रार. उभ्या जन्माचा विणकर हमाल झाला. घरी ते कोणाशी धड बोलेनात.

"मुंबईला नोकरी धर, छान राहशील," शेजारच्या सरलाबाईंनी नूतनला सांगितलं.

"मुंबईत माणसं पुष्कळ आहेत, मावशी. इथे आई-आबांना मी एकटीच आहे," ती म्हणाली आणि घराच्या ओट्यावर तारा पसरून बसली.

पहिली कच्ची, नमुन्यापुरती डबी तयार झाली तशी तिने ती वडिलांच्या खिशात सारली. डबी थरथरली. दगा आधी दचकले, मग खो खो हसले. "हाई पेटी वरडत नई, गुदगुल्या करस वं!"

नूतनने या युक्तीचं पेटंट काढलं. पण ओट्यावर किती डब्या होणार? म्हणून सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या जयंतीशेठना तिने परवाना दिला. अट अशी, की डबी फक्त शेठ बनवतील. मात्र दोन वर्षांत उत्पादन सुरू झालं नाही, तर हक्क नूतनकडे परत.

आता माझा जन्म ऐका. दिवाळीनंतरची लाभपाचम, गुजरातेत धंदा उघडायचा दिवस. कारखान्यात पाट मांडलेला, पेढे आलेले, भटजी घड्याळ बघतायत आणि माझ्या पोटातले भाग अजून मुंबईहून निघालेच नव्हते!

"शेठ, डबी रिकामी आहे," कारखान्याचा शालिग्राम फिटर पुटपुटला.

"तो शुं थयुं? मुहूर्त थोडुं ऊभुं रहे?" शेठ म्हणाले. "आज पुजा, उद्या भरा."

झालं! रिकाम्या पोटानेच मी पाटावर बसलो. टिळा लागला, अक्षता पडल्या, नारळ फुटला, फोटो निघाला. मग काचेच्या पेटीत गणपतीशेजारी माझी स्थापना झाली. मी मनात म्हटलं, चला, उद्या पोटात काहीतरी पडेल.

तो उद्या आलाच नाही. शेठचा खरा धंदा कारखान्यांना घंटा आणि भोंगे पुरवायचा. बिनआवाजाची डबी बाजारात आली, तर घंटा घेणार कोण? शेठ काही दुष्ट नव्हते. मला रोज न चुकता उदबत्ती ओवाळायचे. फक्त माझी भावंडं जन्माला घालायचं विसरायचे.

दोन वर्षांची मुदत टळली. नूतनने हक्क परत मागितला. तिकडे कामरेजला भिकन नावाच्या कारागिराचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. हक्क आला की तो डब्या बनवायला लागणार होता. शेठ म्हणाले, "उत्पादन तर लाभपाचमलाच सुरू झालं!" करारात लिहिलं होतं, की तंटा झाला तर कोर्टात जायचं नाही, लवाद नेमायचा. दोघांनी मिळून दस्तूरसाहेबांना नेमलं. हे टेलिफोन खात्यातले निवृत्त इंजिनिअर. बैठक त्यांच्याच नानपुऱ्यातल्या घरी, फुदिन्याच्या चहासकट.

शेठनी मला रेशमी रुमालातून आणलं आणि टेबलावर ठेवलं. माझी काय अवस्था झाली असेल! शपथ न घेताच मला खोटी साक्ष द्यायची होती, आणि तीही रिकाम्या पोटी.

"बोल दीकरी," दस्तूरसाहेब नूतनला लेकीच्या मायेने म्हणाले.

"साहेब, मला एवढंच बघायचंय, हा चालतो का? उघडून बघू या."

शेठ ताडकन उठले. "उघडायचा नाही! मुहूर्ताचा नग आहे. आमच्याकडे तो उघडत नाहीत, विकत नाहीत, वापरत नाहीत. पूजेचा आहे!"

माझा जीव भांड्यात पडला. नूतनने पुढे केलेला हात मागे घेतला. ती सावकाश म्हणाली, "नका उघडू, शेठ. तुमच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. पण जो विकायचा नाही, वापरायचा नाही, तो बनवायला मी परवाना कशाला दिला असता? माझे आबा रोज गठ्ठे वाहतायत. त्यांच्या खिशाला डबी हवी होती, देव्हाऱ्याला नव्हे."

दस्तूरसाहेबांनी चष्मा काढला. "शेठ, सीधी वात करो. आ माल छे के भगवान?"

माल म्हणावं, तर मला उघडावं लागणार. भगवान म्हणावं, तर उत्पादन कुठाय? शेठनी माझ्याकडे पाहिलं. लाभपाचमेला ज्याला हात जोडले, त्याला माल कसं म्हणायचं? त्यांनी मला उचलून कपाळाला लावलं आणि हळूच म्हणाले, "भगवान, साहेब."

माणसाचा गमतीदार स्वभाव बघा. सगळा करार दडपून बसला होता, पण मुहूर्ताशी खोटं बोलायला काही धजला नाही.

निकाल नूतनच्या बाजूने लागला. परवाना संपला, हक्क परत आला. शेठ मला घेऊन तिच्याकडे गेले. "तुझं काम सुरू होतंय, हा तूच ठेव. माझ्या देव्हाऱ्यात आता हा माझ्याकडे टक लावून बघतो."

शेठ गेल्यावर नूतनने माझे स्क्रू काढले. आत नुसता काळोख! ती इतकी हसली की सरलाबाई धावत आल्या. मग कामरेजला भिकनने माझं पोट भरलं. मोटर, बॅटरी, सगळं. पहिल्यांदा थरथरलो तेव्हा मला काय वाटलं, ते माझ्यासारखा उपाशी राहिलेलाच जाणे.

आता मी दगांच्या खिशात असतो. सुकदेव मास्टरने अजून सगळे माग दिले नाहीत, तूर्त दोनच, तेही बघू म्हणून. पण दगा घरी आले की पुन्हा बडबडतात, एवढं की धुरपदाबाई, नूतनची आई, कानांवर हात ठेवते.

तुमच्याही कपाटात कोणाची युक्ती पुजून ठेवलेली असेल, तर तिला बाहेर काढा, हो. उदबत्तीने आमचं पोट भरत नाही. आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण तिकडे धागा तुटला. दगा शेजारच्या मागावरल्या विणकराशी हातवारे करत गप्पा मारतायत, त्यांना पत्ताच नाही. मला हलायला हवं.