मायचा अबोला

नेहा, निखिल,

माझा भाऊ गेला त्याला आज महिना झाला. तेराव्याची माणसं पांगली, सतरंज्या उचलल्या गेल्या आणि रिकाम्या झालेल्या त्या घरात अचानक माझ्या ध्यानात आलं, की मायला डोळ्यांनी पाहिलेलं आपल्या घरातलं माणूस आता मी एकटीच उरले आहे. माय म्हणजे माझी आई, तुमची पणजी. तिचा एकही फोटो कधी निघाला नाही. आजवर तिच्याबद्दल काही विसरले तर भावाला विचारता येत होतं. आता माझी आठवण चुकली तर ती दुरुस्त करायला कुणी नाही. म्हणून शाबूत आहे तेवढं क्रमाने लिहून ठेवते. तुम्ही दूर आहात, पण वाचाल.

माय मला आधी ऐकू येते, मग दिसते. भल्या पहाटे अंगणातल्या उखळात मुसळाचा ठोका पडायचा, आणि एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत, मुसळ या हातातून त्या हातात जाताना जो निमिषभर वेळ मिळे, तेवढ्यात ती देवाचं नाव घ्यायची. ठोका, नाव, ठोका, नाव. बांगड्या त्यात मधूनच किणकिणायच्या. त्या आवाजावर आमचं सगळं घर जागं होई, जसं अंधारातून हळूहळू तलावाचं पाणी उजळत येतं तसं. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगल जिथे थेट धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, येऊन टेकतं, अशा एका लहानशा गावात आम्ही राहत होतो. स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि चांदा आम्हाला फार लांब वाटे.

आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकाच्या खोलीतला मातीचा एक ओटा. त्यावर बोटाएवढे चार पितळी देव, आणि पाचवा नुसता नदीतला काळा गुळगुळीत गोटा. बांबूच्या कुडाचं लिंपण जिथे उडालं होतं तिथून उन्हाच्या बारीक काड्या आत येत आणि धुरातून तिरप्या होत बरोबर त्या ओट्यावर टेकत. माय त्या पाच देवांशी दिवसभर बोले. सारवताना म्हणे, "सरक जरासा बाप्पा, जागा वली होते." दूध उतू गेलं तर त्यालाच दटावी, "इथी बसून बसून करतोस काय? जरा ध्यान त दे." पळसाची पानं तोडताना झाडाला हात लावून, दोनच घेऊन राह्यली म्हणून, सांगे. तिच्या लेखी भक्ती म्हणजे कुठलं वेगळं काम नव्हतंच. घरातल्या एका वडीलधाऱ्या, थोड्या ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सांभाळावं तसं ती देवाला सांभाळीत असे, आणि त्या सांभाळण्यातून आमचंही सगळं नीट होऊन जाई. चुलीपुढे कुणी रागावून बोलायचं नाही, हा तिचा नियम. आधी देवाचं पान, मग गाईचा घास, मग दारात कुणी उभं असेल तो, मग आम्ही. सर्वांत शेवटी ती. हा क्रम कधी मोडला नाही. तो मोडला असता तर सूर्य पश्चिमेला उगवल्याइतकं मला नवल वाटलं असतं.

आश्विनात हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापणीला येई. तेव्हाचा प्रकाश मला अजून जसाच्या तसा दिसतो. पावसाने धुऊन निघालेला, मधासारखा, वरून न पडता जणू धानातूनच वर येणारा. पण घरात आलेला तो नवा धान लगेच शिजवायचा नसे. गावाची देवी मातामाय. तिला आधी नव्या तांदळाचा नैवेद्य जायचा, त्याचा दिवस पाटील ठरवी, आणि त्या दिवशी घरोघरी देवांना वाढून मगच माणसं नवा भात तोंडात घालत. याला 'नवं करणं' म्हणत. तोवर नव्या दाण्याला जीभ लावायची नाही.

माझी धाकटी बहीण वत्सला, आम्ही तिला वच्छी म्हणायचो, तेव्हा सहा वर्षांची होती. मी दहाची. भाऊ शिकायला चांद्याला वसतिगृहात असे. वच्छी म्हणजे सतत काहीतरी विचारणारा, सतत काहीतरी चघळणारा जीव. त्या वर्षी नैवेद्यासाठी म्हणून मायने पायलीभर नवा धान कांडून ठेवायला घेतला, तेव्हा ही उखळाशी बसून ओल्या बोटाने कण टिपू लागली. मायने तिच्या हातावर हळूच चापट मारली.

"चोट्टे! देवाच्या आधी खाते?"

"देव त हालत बी नाई," वच्छी म्हणाली. "मंग पायते कसा?"

मायला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली, आणि मुसळाचा ताल चुकला. तिचा ताल चुकल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

त्या वर्षी नव्याचा दिवस अगदी तोंडावर आला असताना पाटलाची म्हातारी आई वारली. पाटलाच्या घरात सुतक, म्हणून सगळ्या गावाचं नवं दहा-बारा दिवस पुढे गेलं. आणि त्याच दिवसांत वच्छी तापाने पडली.

थंडी वाजून भरणारा, घाम येऊन उतरणारा आणि पुन्हा भरणारा तो ताप होता. आज मी त्याला हिवताप म्हणेन. बाबा बैलगाडी जुंपून चांद्याला गेले आणि कडू गोळ्या घेऊन आले. ताप एक दिवस उतरला, पुन्हा चढला. कणगीतल्या जुन्या तांदळाला वास लागला होता. त्याची पेज वच्छीच्या ओठाला लावली की ती मान फिरवी. पण दाराशी नव्या धानाच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, आणि कोवळ्या तांदळाचा तो गोडसर, दुधासारखा वास तिच्या वाकळेपर्यंत पोचत होता.

"माय, नव्याची पेज दे नं."

"देईन, बाई. मातामायचं होऊ दे. पयला घास तुलेच."

"पन ते बुढी आत्ताच काऊन मेली?"

माय या वेळी हसली नाही. तिने वच्छीच्या तोंडावर हात ठेवला. बाबा ओसरीवर बसले होते, ते आत न बघताच म्हणाले, "दे न तिले घोटभर. लेकरू हाये. कोन पायते?"

माय म्हणाली, "ताप तिच्या अंगात हाये, आन् तुमी मातामायले डिवचाले सांगता?"

हे मी तुम्हाला नीट सांगितलं पाहिजे, कारण दुरून ते निष्ठुर वाटेल. मायने पेज नाकारली ती देवाच्या प्रेमापोटी नाही आणि गावाच्या भीतीपोटीही नाही. वच्छी आजारी होती म्हणूनच नाकारली. लेकरू धडधाकट असतं तर कदाचित तिने लपवून एक चमचा दिलाही असता. पण आजारी लेकराच्या नावाने नेम मोडायची तिची हिंमत झाली नाही. वच्छीला जपण्याचा तिच्याकडे तेवढा एकच मार्ग होता, आणि तो तिने डोळ्यांत तेल घालून पाळला. दिवसातून दहा वेळा वच्छी मागे, दहा वेळा माय म्हणे, चारच दिवस, तीनच, दोनच.

नव्याच्या आदल्या दिवशी सकाळी, उन्हाच्या काड्या ओट्यावर टेकल्या होत्या तेव्हा, वच्छी गेली.

दुसऱ्या दिवशी गावाने नवं केलं. डफाचा आवाज आमच्या दारावरून मातामायकडे गेला, दाराशी येताच वाजवणाऱ्यांनी तेवढ्यापुरता हात आवरला, आणि पुढे गेल्यावर तो पुन्हा सुरू झाला. आता सुतक आमच्याच घरात होतं. गल्लीतल्या प्रत्येक चुलीवर नवा भात शिजत होता आणि आमच्या घरी तेरा दिवस त्याला हात लावायचा नव्हता.

माय रडली ती फक्त पहिल्या दिवशी. तेरावा झाल्यावर तिने नवा तांदूळ शिजवला, देवाचं पान वाढलं, गाईला घास दिला, आम्हाला वाढलं. सगळं क्रमाने. शेजारणी म्हणाल्या, बाई मोठी धीराची. मलाही तसंच वाटलं. दोन-चार दिवसांनी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मला जाणवलं, की उखळातून नुसताच ठोका येतो आहे. ठोका, आणि मग काहीच नाही. ठोका, आणि काहीच नाही.

मायने देवाशी अबोला धरला होता.

त्यानंतर वर्षभर तिने देवाचं एकही काम चुकवलं नाही. रोज त्याला आंघोळ घातली, गंध लावलं, फूल वाहिलं, दिवा लावला, पान वाढलं. पण ओटा सारवताना त्याला सरकायला सांगितलं नाही. मुकाट्याने उचलून बाजूला ठेवलं आणि मुकाट्याने परत जागेवर ठेवलं. भांडण झालेल्या घरात सून सासऱ्याचं ताट वेळेवर वाढते आणि नजर वर करीत नाही, तसं. आमच्याशी ती बोले, गाईशी बोले, पळसालाही काहीतरी सांगे. फक्त ओट्यासमोर आली की तिचे ओठ मिटत. थंडीत शेकोट्या पेटल्या, चैत्रात मोहाच्या फुलांनी रान दरवळलं, आषाढात तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला. एकामागून एक ऋतू आमच्या घरात येऊन गेले आणि त्या कोपऱ्यातली शांतता कुणालाच हलवता आली नाही. बाबांनी एकदा विचारलं, "कितीक दिवस चालाचं हे?" ती म्हणाली, "त्याले मालूम."

मग पुन्हा आश्विन आला. पाटलाने नव्याचा दिवस ठरवला, त्याला अजून आठवडा होता. एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं मायने अंगणात नवा धान कांडला. बाबा म्हणाले, "अवो, दिवस जाऊ दे नं." तिने मुसळ थांबवलं नाही. तांदूळ पाखडला, शिजवला. वाफेचा तो वास घरात पसरला तसे बाबा उठून अंगणात गेले आणि तिथेच उभे राहिले.

मायने मला ओट्यासमोर बसवलं. देवांकडे पाठ नाही, तोंड करून. भाताचा एक गोळा केला, फुंकून निववला, आणि माझ्या तोंडात घातला.

मला तो गिळवेना. तोंड भरलेलं, डोळे भरलेले, आणि मनात भीती. मातामायची, गावाची, आणि त्याहून जास्त या जाणिवेची, की हा घास माझा नाही. माय माझ्याकडे बघत बसली. घाई केली नाही. शेवटी तो उतरला. मग तिने त्याच हाताने, त्याच भाताचं पान देवांपुढे ठेवलं, आणि वर्षभराने पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"जेव आता, बाप्पा. लेकराचं झालं."

वासाने ओढली गेलेली शेजारची सीताकाकू दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"काय करून राह्यली वं तू? देवाले उष्टं?"

"माह्या देवाले चालते."

"तुले कोन सांगतलं चालते म्हनून?"

"त्यालेच पुसलं."

"मंग? काय म्हनला?"

"चूप रायला," माय म्हणाली. "वरिसभर चूप हाये. आता मीच ठरवलं."

सीताकाकू 'अगो माय' म्हणत कपाळाला हात लावून उभी राहिली. मग तिची नजर माझ्याकडे गेली, आणि काय झालं कोण जाणे, ती आत येऊन मायच्या शेजारी बसली आणि रडू लागली. गावात कुजबुज झाली, पाटलाने बाबांना बोलावून चार शब्द सुनावले. मातामाय कोपली नाही. निदान आमच्यावर वेगळी अशी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उखळातून ठोका आला आणि त्याच्या मागोमाग, जरा घोगरं, नाव आलं.

पुढे मी नागपूरला शिकले, इंग्रजी पुस्तकं वाचली, आणि एका सुट्टीत मायला समजावून सांगितलं, की वच्छी तापाने गेली, पेज दिली असती तरी ती वाचली नसती, तुझा काही दोष नाही. ती तांदूळ निवडीत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "मले मालूम हाये, बाई. तापानंच गेली. पन मागत गेली नं."

मी तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडू लागले. आता माझं वय मायच्या शेवटच्या वयाहून बरंच जास्त आहे, आणि तिचं ते वाक्य अजून ऐकू येतं.

माय जाऊन साठ वर्षं झाली. ते घर पडलं, जागेवर दुसऱ्याचं पक्कं घर आहे. तो हलका धान आता कुणी पेरत नाही. वच्छीचा चेहरा मला नीट आठवत नाही, आवाज आठवतो. गौरी-गणपतीच्या दिवशी, आरतीआधी, सगळे पाहुणे बघत असताना मी तुम्हा दोघांच्या तोंडात पहिला घास घालायची, आणि तुमची आई संकोचायची, हे तुम्हाला आठवत असेल. आपल्या घरात आधी मूल जेवतं, मग देव. तेवढं अजून चालू आहे.