दाराला हात लावू नये

फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मला कळलं, की मी जन्मभर बेशिस्त जगत आले. जुन्या घरात मनाला येईल तेव्हा गाद्या झटकत होते, वाटेल तेव्हा कुंड्यांना पाणी घालत होते आणि चपला चक्क दाराबाहेर काढत होते. इथे या सगळ्याला नियम आहेत. ते लिफ्टशेजारी काचेच्या पेटीत लावलेत आणि पेटीला कुलूप आहे, कुणी नियम पळवू नयेत म्हणून. सोसायटीचे अध्यक्ष तर नोटिशीसारखंच बोलतात, "सदर कुंडी तात्काळ हलवण्यात यावी." मी त्यांचं नाव परिपत्रक ठेवलंय.

तरी मला इथे आवडतं, हे आधीच सांगते. गुडघे माझे आहेत. जुन्या घराचं अंगण मी झाडलं, पत्र्यावरची पानं मी काढली, जिन्यावरून बादल्या मी वाहिल्या. आमच्या ह्यांनी घराचा अभिमान बाळगला. तेही काम असतंच म्हणा. मुलाने हा फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांनी अट घातली, "जमलं तर राहू, नाहीतर परत." जुन्या घराला गिऱ्हाईक तयार होतं, पण सही ह्यांची हवी होती, आणि तिथल्या चाव्यांचा जुडगा ह्यांच्या खिशातून बाहेर यायला तयार नव्हता.

घोडं अडलं ते फेरीपाशी. हे कारखान्यात स्टोअरकीपर होते. कुलपावर विश्वास आणि माणसावर संशय, हा धंद्याचा गुण अंगात मुरलेला. जेवणं झाली की रोज घराची फेरी: मागचं दार, फाटक, टाकीचं झाकण, अडगळीची खोली, सगळ्या खिडक्या. प्रत्येक कडी ओढून बघायची, मग खोलीत येऊन म्हणायचं, "झालं. झोपा आता." जणू मी परवानगीसाठी खोळंबले होते.

इथे दार एकच. पहिल्या दिवशी फेरी सुरू व्हायच्या आतच संपली. हे दारापाशी कडीला हात लावून उभेच राहिले. मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दुसऱ्या दिवशी हे गच्चीचं दार बघून आले. मग पार्किंगमधल्या गाड्यांची दारं. मग एक दिवस प्रत्येक मजल्यावर जाऊन लोकांच्या दारांची मूठ धरून ढकलून बघायला लागले. लागलेलं असलं की मान डोलावून पुढे. नसलं की आत डोकं घालून आवाज द्यायचा, "दार उघडंय हो!" पाचव्या मजल्यावरचा नवरदेव टॉवेलवर होता. त्याने बिचाऱ्याने तसाच नमस्कार केला.

मग तक्रारी गेल्या आणि सभा भरली. परिपत्रकांनी मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. अख्ख्या इमारतीने पाहिलं: माकडटोपी घातलेला एक संशयास्पद इसम एकेका दाराची मूठ ओढतोय. कुणी हसलं, कुणी च् च् केलं. ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसले. माझ्या माणसाला हसायचा हक्क माझा आहे. तो मी कुणाला वाटून दिलेला नाही.

"इतरांच्या दाराला कोणीही हात लावू नये, असा ठराव मांडण्यात येत आहे," परिपत्रक म्हणाले. "अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

सगळ्यांनी हात वर केले. ह्यांनीही केला. ह्यांचा हात बोलायची परवानगी मागायला होता, पण तो मतात धरला गेला. ठराव एकमताने मंजूर झाला.

"मला एवढंच सांगायचं होतं," सभा उठता उठता हे म्हणाले, "की तुमचंच दार दोनदा उघडं सापडलं." पण परिपत्रक खुर्च्या मोजत होते.

घरी येताच ह्यांनी मुलाला फोन लावला. "गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. आम्ही परत जातोय." पुन्हा ते अंगण, पुन्हा त्या बादल्या! "तुम्ही जा. मी नाही येणार," म्हटलं. त्या दिवशी फेरी झाली नाही. मी अंथरुणावर पडले आणि "झालं. झोपा आता" ची वाट बघत राहिले. ते आलंच नाही. इतकी वर्षं ज्या वाक्याची मी चेष्टा केली, त्याच्याशिवाय मला झोप लागत नाही, हे असं या वयात कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर. निवृत्त नर्स, एकट्याच राहतात.

"वहिनी, भाऊ आजारी आहेत का? काल दार कुणी हलवलं नाही."

"पहिली तक्रार तुमचीच होती ना?" मी विचारलं. मी काही विसरत नाही.

"होती. पहिल्यांदा घाबरले हो. मग सवय झाली. दार हललं की वाटायचं, चला, कुणीतरी बघून गेलं, आता पडावं. तक्रार मागे कशी घ्यायची, ते त्या पेटीत कुठे लिहिलेलं नाही."

"ठराव झालाय," आतून हे म्हणाले. "दाराला हात लावता येत नाही. माझंही मत पडलंय त्यात."

"इतरांच्या दाराला," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या दाराला मी लावू शकते ना? तुम्ही बाहेरून नुसतं खोका. मी आतून कडी वाजवते."

ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण टोपी घातली. मीही मागोमाग गेले, लिफ्टने. हे सिस्टरांच्या दाराबाहेर उभे राहून खोकले. आतून कडी वाजली. ह्यांनी मान डोलावली, आणि सभेनंतर पहिल्यांदाच ह्यांचा चेहरा जरा सैल झाला.

सिस्टरांनी चार घरी सांगितलं. आठवडाभरात पाचव्या मजल्यावरूनही कडी वाजायला लागली. परिपत्रकांनी नियम पुन्हा वाचून काढले. खोकण्याला त्यात बंदी नव्हती.

मग एक दिवस हे परिपत्रकांच्याच दारापुढे थांबले. खोकले. काही नाही. पुन्हा खोकले. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली, आणि मग कडी सरकवल्याचा आवाज आला. म्हणजे तोवर उघडंच होतं. ह्यांनी नुसती मान डोलावली आणि पुढे निघाले.

घरी येऊन ह्यांनी आपली कडी ओढून बघितली. "झालं. झोपा आता." मग खिशातून जुना जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि मुलाला फोन लावला.

"ते गिऱ्हाईक आहे का रे अजून? असेल तर बोलाव, सही करतो. दोन-दोन घरांची दारं मला एकट्याला होत नाहीत आता."