मेहुण्याची पाठ

समोरून

कॉलेजचे दिवंगत संस्थापक, म्हणजे साहेब, मातीत उभे होते. हात पुढे करून भविष्य दाखवत होते. त्या दिशेला सध्या स्टुडिओच्या मोरीचं दार होतं.

आज समितीने "हेच ते" म्हटलं की पुतळा धातूत ओतायचा. नाही म्हटलं, तर माती मोडायची आणि काम पलीकडच्या गल्लीतल्या शिल्पकाराला द्यायचं. तो टपूनच बसला होता. आपल्या शिल्पकाराच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता.

"हुबेहूब!" समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांचा चेहरा पडला. "छे हो. हे कोण भलतेच?"

खालून

अध्यक्षांनी साहेबांना जन्मभर खालूनच पाहिलं होतं. साहेब उभे असले की हे बसलेले, साहेब बसले की हे वाकलेले. त्यांच्या लेखी साहेब म्हणजे एक हनुवटी आणि दोन नाकपुड्या.

"नाकपुड्या वाढवा. चिडले की फुगायच्या."

शिल्पकाराने अंगठा घालून वाढवल्या.

"वा! बघूनच घाम फुटला."

आरशातून

साहेबांचा ड्रायव्हर पुतळ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि खिशातला आरसा डोळ्यांसमोर धरला.

"भुवया बरोबर आहेत. गाडीच्या आरशात मला तेवढ्याच दिसायच्या. मागच्या सीटवर बाकी काय चालायचं, ते मी कधी बघितलं नाही."

"कुणी विचारलंय तुला?" अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

वरून

साहेबांचा न्हावी स्टुलावर चढला. "अरे देवा! एवढे केस कुणाचे? इथं चांगलं बशीएवढं टक्कल होतं. कानाजवळची बट ओढून मी झाकायचो."

"वरून फक्त कावळे बघणार," अध्यक्ष म्हणाले. "त्यांची तक्रार आली तर बघू."

मागून

उरल्या साहेबांच्या पत्नी. त्यांचं मत कुणाला हवं होतं असं नाही, पण घरच्यांच्या होकाराशिवाय ओतकाम नाही, असं ठरलेलं होतं. त्या उठल्या, चेहऱ्याकडे न बघता सरळ मागे गेल्या.

"हे हे नाहीत."

शिल्पकाराने कोपऱ्याकडे पाहिलं. थोर माणसांचे फोटो समोरून मिळतात, मागून नाही. त्यामुळे पाठीसाठी तो आपल्या रिकामटेकड्या मेहुण्याला उभा करायचा. शहरातल्या झाडून सगळ्या थोरांना त्या मेहुण्याची पाठ होती आणि आजवर एकाही समितीने हूं की चूं केलं नव्हतं. मेहुणा आत्ताही कोपऱ्यात चहा पीत होता. तो जरा ताठ बसला.

"काकू, पाठ ती पाठ," शिल्पकार म्हणाला. "तीत काय ओळखायचं?"

"लग्न झाल्यापासून मी हीच बघितलीय. रस्त्यात हे पुढे, मी मागे. घरात तोंड टेबलाकडे, पाठ दाराकडे. भांडणात तर पाठच. डावा खांदा उतरवा."

त्याने उतरवला.

"मानेवर वळी घाला. मी बोलायला लागले की घट्ट व्हायची. अजून. अजून थोडी... अहो, एवढी नको! एवढी एकदाच झाली होती. माहेरी जाते म्हणाले तेव्हा."

शिल्पकाराने वळी सैल केली. काकूंनी चटकन पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला. "हं. आता हे."

"पण वहिनी," अध्यक्ष कळवळले, "पाठ भिंतीला लागणार आहे! दिसणार कुणाला?"

"मग तोंड भिंतीकडे करा."

न्हावी फिस्सकन हसला. ड्रायव्हरने छताकडे बघितलं.

"म्हणजे... मंजूर ना?" अध्यक्षांनी विचारलं.

काकू पुढे आल्या. पुतळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"यांचे डोळे असे होते?"

"फोटोत तरी असेच आहेत, काकू."

"असतील. मंजूर."

शिल्पकाराने सुटकेचा निःश्वास टाकला. माती तडकू नये म्हणून तो बादलीतलं ओलं फडकं पिळून पुतळ्यावर टाकायला निघाला.

"तोंड झाका आधी," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून पाठीमागे बसल्या. "इकडचं राहू दे. मला जरा बोलायचंय."