कोकरा की लेकरा

लासूर स्टेशनजवळच्या आमच्या वस्तीवर चर्च नव्हतं. महिन्यातून एकदा फादर जीपमधून यायचे आणि लिंबाखाली मिस्सेची उपासना व्हायची. इतर रविवारी माझे सासरे सांडू मास्तर प्रार्थना घ्यायचे, हातातली दिमडी वाजवत. मिस्सेत भाकर मोडताना देवाच्या कोकराला, म्हणजे प्रभूला, दयेची विनवणी करतात. ती त्यांनी जात्यावरच्या ओवीच्या चालीत बसवली होती. आम्ही बाया दळतानाही तीच म्हणायचो.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. साठी उलटल्यावर शहरात, छावणीत मुलाकडं, सोमनाथकडं, राहायला आले आणि नात तनुजाच्या पाटीवर शिकले. वाचायला येताच प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. तिथं ‘देवाच्या कोकरा’ लिहिलं होतं. मी पंचेचाळीस वर्षं ‘देवाच्या लेकरा’ म्हणत आले होते.

मास्तरांचे पुढचे दात पडलेले होते, ऐकण्यात चुकलं असेल. पण माझा पाच महिन्यांचा राजकुमार तापानं गेला, तेव्हापासून ती विनवणी मी त्याला जवळ घेतल्यासारखी म्हणत होते. मी पुस्तक मिटलं आणि चर्चमध्ये गाणं सोडलं.

यंदा नवे फादर सत्यम आले. मिस्सेत वरची गाणी पुष्कळ झाली, आता मिस्सेचे शब्दच गाऊ, असं त्यांनी गायनमंडळाला सांगितलं आणि आपल्याकडच्या जुन्या चाली शोधायला लावल्या. तनुजा तिथं पेटी वाजवते. तिनं माझं नाव सांगून टाकलं. मी नाही म्हणाले. का, ते घरी शेंगा निवडताना तिला सांगितलं, तर पोरगी हसली.

“आज्जी, तू तर देवालाच कडेवर घेतलंस की.”

मग माझ्या तोंडाकडं बघून खाली मान घालून शेंगा निवडू लागली. वस्तीवरच्या त्या बायांपैकी आता मीच उरले आहे. माझ्याबरोबर ती चाल मातीत गेली असती. म्हणून तनुजाला शिकवायला बसले. पुस्तकात बघून म्हटलं की चाल अडखळायची. डोळे मिटले की सरळ यायची, पण लेकरासकट. शब्द पुढं बदलू, असं मनाशी म्हणत राहिले.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये सराव होता, मीही बाकावर बसले होते. तनुजानं सूर धरला आणि सगळ्यांसमोर ‘लेकरा’ म्हणाली. मागून साऱ्या पोरींनी तेच उचललं. फादरांनी हात वर केला. चाल गोड आहे, पण मिस्सेचे शब्द आपल्याला बदलता येत नाहीत, असं ते हळू आवाजात म्हणाले. तनुजा लगेच म्हणाली, माझीच जीभ घसरली.

मी उठले.

“तिची चूक नाय, फादर. म्या तसं शिकवलं. तिथं कोकरा म्हणायचं.”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी दिमडी मागून घेतली आणि डोळे उघडे ठेवून म्हटलं. पहिल्यांदा त्या शब्दापाशी चाल अडखळली. दुसऱ्यांदा सूर सुटला. तिसऱ्यांदा कोकरा चालीत बसलं. मग पोरींकडून घोटून घेतलं. एकीनं पुन्हा ‘लेकरा’ म्हटलं, तेव्हा मीच तिला थांबवलं.

रविवारी फादरांनी भाकर मोडली आणि चर्चभर माणसांनी ती विनवणी उचलली. सगळे कोकरा म्हणत होते. मी गायले नाही. जन्मभर मीच गात आल्यामुळं ती चाल मला कधी नीट ऐकू आली नव्हती. लई गोड होती.