कागदावर नसलेली गाठ

"कागदावर येऊ देऊ नका, एवढंच म्हणालो होतो मी. तिला मारा म्हणालो का?" असं म्हणत काकाने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं. त्याने दोन बोटं कपात घालून ते शोधलं, तोंडात टाकलं, बोटं चाटली आणि त्याच बोटांनी पॉलिसीची फाईल उघडली.

ही कालची गोष्ट. तेव्हापासून मला बिस्किट बघवत नाही.

"वहिनीला एकदा तरी विचारलंत?" मी म्हणालो.

"तू गप रे. नववी नापास."

"नापास नाही, सोडली. आणि वाचता येतं मला. तुमचा फोन वाचला म्हणून तर भांडतोय."

काका विमा विकतो. गल्लीत त्याला फॉर्मकाका म्हणतात, कारण कुणी शिंकलं तरी हा खिशातून फॉर्म काढतो. तीन वर्षांपूर्वी त्याने आमच्या घराची पॉलिसी काढली. आईचं नाव घातलं, दादाचं घातलं, माझंसुद्धा घातलं. वहिनीचं राहिलं. राहिलं म्हणजे विसरले नाहीत हां. आई म्हणाली, "पंचवीस वर्षांची पोर, तिला काय धाड भरलीये?" हप्ता मात्र वहिनीच्या पगारातून जायचा. ती कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्या पॉलिसीत झालं, दादाचा हर्निया झाला. मग आईला नातवाचे डोहाळे लागले आणि बाळंतपणाचा खर्च निघावा म्हणून वहिनीचं नाव आत आलं.

पुढच्याच महिन्यात वहिनीच्या हाताला छातीत गाठ लागली. कॉलरच्या बटणाएवढी. तिने आईला सांगितलं, आईने काकाला. काका म्हणाला, "आत्ता डॉक्टरने काही लिहिलं तर कंपनी म्हणणार, हे आधीपासूनच होतं. मग दमडी मिळायची नाही. दोन वर्षं जाऊ देत, मग दाखवू." जसं काही गाठीलाही त्याने तारीख दिली होती.

दादा म्हणाला, "बघू." दादा लग्नाच्या दिवशीसुद्धा बघूच म्हणाला असेल.

नऊ महिन्यांनी वहिनीच्या कारखान्यात फुकट तपासणीचा कॅम्प आला. ती हट्टाला पेटली. तेव्हा काकाने डोकं चालवलं. "जा, पण नाव दुसरं सांग. नंबर माझा दे." आदल्या दिवशी फॉर्म घरी आला तो मीच भरला. नावाच्या जागी शाळेत मला रोज वर्गाबाहेर काढणाऱ्या बाईंचं नाव टाकलं. गंमत म्हणून. आम्ही दोघं, मी आणि वहिनी, ओट्यापाशी बसून पोट दुखेस्तोवर हसलो होतो.

कॅम्पचं काहीच आलं नाही. आई म्हणाली, "काही असतं तर कळवलं नसतं का?" वहिनीने मान डोलावली आणि कामाला गेली.

काल सकाळी काका फोन घेऊन आला. "हँग होतोय, जरा कचरा काढ." मी जुने मेसेज पुसत होतो. मध्येच आमच्या शाळेतल्या बाईंचं नाव दिसलं. "तुमच्या तपासणीत शंका आहे. आठ दिवसांत या." पाच महिन्यांपूर्वीचा. त्याखाली दुसरा. मग तिसरा, "कृपया तातडीने या." तिन्ही उघडून वाचलेले.

मी ते मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. आई भिंतीला टेकली. दादाने मान खाली घातली. आणि काका बिस्किट शोधत राहिला.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?" आईने विचारलं.

"मी तुमचा क्लेम वाचवत होतो," काका आईला म्हणाला. " अजून दहा महिने राहिलेत फक्त."

फक्त म्हणाला तो. त्याची किळस आलीच, पण माझ्या अक्षराचीही आली.

वहिनी दारात उभी होती, कामावरून परत फिरलेली, डबा विसरला म्हणून. तिने सगळं ऐकलं. रडली नाही. डबा उचलला, परत ठेवला आणि मला म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर येशील?"

म्हणून आज आम्ही मोठ्या दवाखान्यात आलोय. दादाही आलाय. खिडकीशी नंबर लागायच्या आधी त्याला काकाचा फोन आला आणि तो वहिनीच्या कानाशी लागला. "कधीपासून आहे विचारलं तर कालच कळलं म्हण. एवढंच."

खिडकीतल्या सिस्टरने नाव विचारलं. वहिनीने स्वतःचं सांगितलं, आडनावासकट. मग सिस्टर म्हणाली, "गाठ कधीपासून?"

वहिनीने पर्समधून तीन बटणं काढून काउंटरवर ओळीने ठेवली. एक कॉलरचं, एक पॅन्टचं, एक कोटाचं. "ही पहिल्यांदा लागली तेव्हा. ही कॅम्पच्या वेळी. ही आता. चौदा महिने झाले, लिहा."

"अगं, क्लेम जाईल," दादा पुटपुटला.

"क्लेम जाईल का मी जाईन, एवढंच बघायचं राहिलंय. तुला बघायची सवय आहे ना? बघ."

सिस्टरने पहिलं बटण बोटाने जरा पुढे सरकवलं. "या बटणाला आली असतीस तर..." म्हणाली आणि पुढचं गिळलं. चौदा महिने, असं लिहिलं मात्र ठळक.

आता आम्ही बाकावर बसलोय. सुई घालून तुकडा काढणार आहेत. दादा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघतोय. बटणं माझ्या खिशात आहेत आणि मी हे केसपेपरच्या पाकिटामागे लिहितोय. पेपरात द्यायचंय मला. तुमच्याही घरात एखादा फॉर्मकाका असेल, आणि पॉलिसीत सगळ्यांत शेवटी घातलेली एखादी बाई असेल. ती गप्प असेल तर तिला बरं आहे असं समजू नका. तिला आज विचारा. आणि मेसेज कुणाच्या फोनवर येतात, तेही वि...

वहिनीचं नाव पुकारलं. खरं नाव. तिने हात पुढे केलाय, मला निघायला हवं.